विश्लेषण : सोमवारी छातीच का? ताकद आणि स्नायू कमावण्यासाठी व्यायामाचा आठवडा कसा बांधावा?

पोलीस भरतीची चाहूल लागली, की भडगाव, पाचोरा, चाळीसगाव, पारोळा या पट्ट्यात दोन ठिकाणची गर्दी वाढते. पहाटे गिरणाकाठच्या रस्त्यांवर आणि संध्याकाळी जिममध्ये. रस्त्यावर काय करायचे हे पोरांना पक्के ठाऊक असते. जिममध्ये मात्र भिंतीवरचा तक्ता सांगेल ते : सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी दंड, शुक्रवारी पाय, आणि शुक्रवारी बहुतेकांना काहीतरी काम निघते. सहा महिने घाम गाळूनही शर्टाचे माप बदलत नाही, गोळाफेकीतला गोळा पूर्वीच्याच खुणेवर पडतो. मग कोणीतरी पावडरचा डबा सुचवतो, कोणी त्याहून वाईट काही. प्रत्यक्षात बहुतेक वेळा बिघाड असतो तो त्या तक्त्यातच.

भिंतीवरच्या तक्त्यात काय चुकते?

‘एक दिवस, एक अवयव’ ही पद्धत शरीरसौष्ठव स्पर्धकांकडून आली. ज्याने आठ-दहा वर्षे वजने उचलली आहेत, ज्याला दिवसाचे दोन तास मोकळे आहेत आणि ज्याला एकेका स्नायूवर स्वतंत्र कोरीव काम करायचे आहे, त्याच्यासाठी ती ठीक. नवख्याचे गणित वेगळे असते. एका दमदार व्यायामानंतर स्नायूमध्ये प्रथिने बांधण्याचा वेग साधारण २४ ते ४८ तास वाढलेला राहतो आणि मग पूर्वपदावर येतो. सोमवारी छातीचे पंधरा सेट मारले, तर बुधवारपर्यंत त्याचा परिणाम ओसरतो आणि पुढचे चार-पाच दिवस छातीला काही सांगावाच जात नाही. शिवाय एकाच बैठकीतले पंधरा सेट सारख्या ताकदीने होत नाहीत. सहाव्या-सातव्या सेटनंतर दमलेला स्नायू नुसता हलत राहतो.

तालुक्याच्या गावात आणखी एक अडचण आहे. कापूस वेचणीचे दिवस असतात, लग्नसराई असते, संध्याकाळी वीज जाते. एक सोमवार बुडाला, की छातीचा पुढचा दिवस थेट चौदा दिवसांनी. तेच आठवड्यातून दोन-तीन वेळा संपूर्ण शरीराचा व्यायाम करणाऱ्याचा एक दिवस बुडाला, तर फारसे बिघडत नाही. आठवड्याचे एकूण सेट सारखे ठेवले, तर ते किती दिवसांत विभागले याने स्नायूंच्या वाढीत फार मोठा फरक पडत नाही, असे अलीकडचे संशोधन सांगते. पण ते सेट ताज्या अंगाने आणि न बुडवता व्हायला हवेत. ते दोन-तीन दिवसांत वाटून घेतले तरच सहज जमते.

स्नायू वाढतो तरी कशामुळे?

ताणामुळे. स्नायूवर सवयीपेक्षा जास्त भार पडला, की शरीर पुढच्या खेपेसाठी तयारी करते. हा भार हळूहळू चढता ठेवणे हे या शास्त्राचे मूळ सूत्र. त्याला वैद्यकीय पाया मिळाला तो दुसऱ्या महायुद्धात. शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये थॉमस डीलॉर्म हे लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांवर उपचार करत होते. गुडघ्याच्या दुखापतीनंतर महिनोन्‌महिने हलका व्यायाम देण्याची तेव्हा रीत होती. डीलॉर्म यांनी ती मोडली. रुग्णाला जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढे वजन शोधायचे, ते उचलायला लावायचे आणि ताकद वाढेल तसे वजन वाढवायचे. १९४५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. सुरुवातीला ते सात ते दहा सेट करून घेत. १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्यासोबत त्यांनी ते तीनवर आणले. आज जगभरच्या जिममध्ये ‘तीन सेट, दहा रेप्स’ हा जो मंत्र म्हटला जातो, त्याचे मूळ या लष्करी इस्पितळात आहे.

पहिल्या महिना-दीड महिन्यात वजन भराभर वाढते आणि आरशात मात्र काही दिसत नाही, हेही समजून घ्यायला हवे. सुरुवातीची ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते. मेंदू आधी असलेल्याच स्नायूतंतूंना एकदम कामाला लावायला शिकतो, स्नायूंचा आकार त्यानंतर वाढतो. दीड महिन्यात ‘फरक पडत नाही’ म्हणून जिम सोडणारा माणूस नेमका फरक दिसायच्या आधी बाहेर पडलेला असतो. दुसऱ्या दिवशी अंग किती दुखते, हेही प्रगतीचे माप नाही. नवा व्यायाम केला की अंग दुखते, सवय झाली की दुखणे थांबते. वाढ थांबलेली नसते.

ताकद आणि आकार या जुळ्या बहिणी आहेत, एक नव्हेत. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो वजनी गटात रौप्यपदक मिळवले. त्याने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, असे एकूण २४८ किलो उचलले. ५५ किलोच्या गटातला खेळाडू जवळजवळ अडीचपट वजन डोक्यावर नेतो, तेव्हा त्यामागे दंडाच्या घेरापेक्षा सरावलेली मज्जासंस्था आणि तंत्र यांचा वाटा मोठा असतो.

मग तालमीतले जोर-बैठका वाया?

मुळीच नाही. व्यायामाची स्वतंत्र परंपरा महाराष्ट्रात इतकी जुनी आणि समृद्ध आहे, की बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढला तो दहा खंडांत, १९३६ ते १९४९ या काळात. खान्देशात कुस्तीचा नाद आजही जिवंत आहे. याच जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे पोलीस दलात उपअधीक्षक झाले.

फक्त जोर-बैठकांची मर्यादा ओळखायला हवी. ज्याला दहा जोर जड जातात, त्याच्यासाठी जोर हाच उत्तम वजनाचा व्यायाम. ज्याला शंभर सहज जातात, त्याला एकशे एकाव्या जोराने दमसास मिळतो, ताकद फारशी नाही, कारण भार तेवढाच राहतो. पैलवानाचा भार वाढत राहतो तो समोरच्या पैलवानामुळे. ज्याच्यासमोर जोडीदार नाही, त्याला लोखंड लागते. जिमची फी परवडत नसेल तर पाठीवर वीस किलोची धान्याची गोणी घेऊन बैठका मारल्या, तरी पायांना ते वजनच आहे.

आठवडा कसा मांडायचा?

पहिल्या सहा ते नऊ महिन्यांसाठी आठवड्याचे तीन दिवस पुरेसे आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार, किंवा ज्याचे जे जमेल ते, मध्ये एक दिवस मोकळा ठेवून. प्रत्येक दिवशी संपूर्ण शरीर. व्यायाम निवडताना अवयवांची यादी डोळ्यासमोर न ठेवता हालचालींची ठेवावी. शरीर मुळात बसून उठते, जमिनीवरून काही उचलते, ढकलते, ओढते आणि ओझे घेऊन चालते. एवढ्या हालचाली झाल्या की बहुतेक सगळे स्नायू आलेच.

यातून दोन दिवस तयार होतात. ‘अ’ दिवशी स्क्वाटचे तीन सेट, बेंच प्रेसचे तीन, कमरेतून वाकून रॉड पोटाकडे ओढण्याचे म्हणजे रोइंगचे तीन, आणि शेवटी दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन चालण्याच्या दोन-तीन फेऱ्या. ‘ब’ दिवशी डेडलिफ्टचे दोन किंवा तीन सेट, उभ्याने डोक्यावर रॉड ढकलण्याचे तीन, पुल-अप्स जमत असतील तर ते, नाहीतर केबल खाली ओढण्याचे तीन, लंजेसचे दोन आणि जोरांचे दोन. एका आठवड्यात अ-ब-अ, पुढच्या आठवड्यात ब-अ-ब. प्रत्येक दिवस वॉर्मअपसह तासाभरात आटोपतो. या मांडणीत पाय, पाठ, छाती या प्रत्येक मोठ्या भागाला आठवड्यात साधारण सात ते नऊ सेट मिळतात. नवख्याला तेवढे भरपूर झाले. पुढे वाढ मंदावली, की दहा-बारा सेटपर्यंत जावे. जितके सेट जास्त तितकी वाढ जास्त, हे काही प्रमाणात खरे आहे, पण प्रत्येक वाढीव सेटचा फायदा आधीच्यापेक्षा कमी आणि थकवा मात्र तेवढाच.

दंडाचा व्यायाम यात कुठेच नाही, असे वाचणाऱ्याच्या मनात आले असेल. ओढण्याच्या प्रत्येक हालचालीत दंडाची पुढची बाजू आणि ढकलण्याच्या प्रत्येक हालचालीत मागची बाजू राबत असते. तरीही आरशाचे समाधान हवे असेल तर शेवटी डंबेल कर्लचे दोन सेट मारायला हरकत नाही. शेवटी मात्र. आधी दंड दमवून मग रोइंगला गेले, तर पाठीचा व्यायाम दंडामुळे अर्धवट राहतो. मोठ्या सांध्यांच्या, जड हालचाली आधी आणि लहान स्नायू नंतर, हा क्रम मोडू नये.

सहा-नऊ महिन्यांनी तीन दिवसांत सगळे बसेनासे होते. तेव्हा चार दिवस करावेत : दोन दिवस कमरेच्या वर, दोन दिवस कमरेखाली. सहा दिवसांच्या तक्त्याची गरज तालुक्यातल्या फार थोड्या लोकांना पडेल.

किती वजन आणि किती आवर्तने?

सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. ‘जड वजनाने ताकद, हलक्याने कटिंग’ हे वाक्य प्रत्येक जिममध्ये ऐकू येते. त्यातला पहिला भाग बरोबर आहे. दुसऱ्याला आधार नाही. स्नायूचा आकार सहा आवर्तनांच्या जड सेटनेही वाढतो आणि वीस-पंचवीस आवर्तनांच्या हलक्या सेटनेही, अट एकच : सेट संपताना स्नायू खरोखर संपत आलेला असावा. ताकद मात्र जड वजनाकडेच झुकते, कारण जड उचलणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते जड उचलूनच येते. ‘कटिंग’ म्हणजे चरबी कमी होणे, ते ताटावर ठरते.

दोन्ही हवे असेल तर मोठ्या हालचाली पाच ते आठ आवर्तनांत आणि लहान हालचाली दहा ते पंधरा आवर्तनांत ठेवणे सोयीचे. सेट कुठे थांबवायचा? अजून दोन आवर्तने नीट झाली असती, असे वाटेल तिथे. प्रत्येक सेट हात थरथरेपर्यंत खेचला, तर पुढचे सेट बिघडतात आणि नवख्याचे तंत्र नेमके शेवटच्या आवर्तनात मोडते. दोन जड सेटमध्ये दोन ते तीन मिनिटे विश्रांती घ्यावी, लहान व्यायामात एक-दीड मिनिट. मोबाइल हातात असेल तर ही तीन मिनिटे कधी आठ होतात कळत नाही, हा भाग वेगळा.

सुरुवात थेट ठरलेल्या वजनाने करू नये. साठ किलोचा स्क्वाट असेल तर आधी रिकाम्या रॉडने दहा, मग चाळीस किलोने पाच, पन्नासने दोन-तीन आणि मग साठ. हे सेट मोजायचे नाहीत.

वजन वाढवायचे कधी?

वही घातल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. चाळीस पानी वही किंवा मोबाइलमधली नोंद, काहीही चालेल. समजा, स्क्वाटसाठी सहा ते आठ आवर्तने ठरवली आणि चाळीस किलोने सुरुवात केली. पहिल्या दिवशी तीन सेटमध्ये ७, ६, ६ झाली. पुढच्या वेळी वजन तेच, आकडे ७, ७, ६. असे करत ज्या दिवशी ८, ८, ८ पूर्ण होतील, त्यानंतरच्या वेळी ४२.५ किलो. आवर्तने पुन्हा सहावर येतील आणि चढाई नव्याने सुरू होईल. आधी आवर्तने वाढवायची, मग वजन. डीलॉर्म यांच्या सूत्राचाच हा सोपा अवतार आहे.

गावातल्या जिममध्ये यात दोन व्यावहारिक अडचणी येतात. पहिली, सव्वा किलोची प्लेट अनेक ठिकाणी नसते, त्यामुळे रॉडवर एकदम पाच किलो चढवावे लागतात. स्क्वाट-डेडलिफ्टला ते निभावते, डोक्यावरच्या प्रेसला नाही. अशा वेळी आवर्तनांची पट्टी रुंद करावी, सहा ते आठऐवजी सहा ते बारा. बारा-बारा-बारा झाल्याशिवाय पाच किलो वाढवू नयेत. दुसरी अडचण रॉडची. स्पर्धेचा पुरुषांचा रॉड २० किलोचा आणि महिलांचा १५ किलोचा असतो, पण स्थानिक बनावटीचे बारीक रॉड आठ-दहा किलोचेही भरतात. जिम बदलली आणि वजन एकदम ‘वाढले’ किंवा ‘घटले’ असे वाटले, तर आधी रॉड काट्यावर ठेवून पाहावा.

काही महिन्यांनी आकडे अडतात. दोन-तीन आठवडे काहीच हलत नसेल, झोप लागूनही अंग जड वाटत असेल, तर एक आठवडा सेट निम्मे करून वजन थोडे उतरवावे. सहा-आठ आठवड्यांनी असा हलका आठवडा घेणारे पुढे जाताना दिसतात. विश्रांती म्हणजे कमजोरी, हा समज तालमीतून जिममध्ये आला आणि तिथेही टिकून आहे. एरवी अडलेल्या आकड्यांचे सर्वांत साधे कारण झोप असते. रात्री एकपर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला मैदान, असा दिनक्रम असेल तर कोणतेही वेळापत्रक त्याला वाचवू शकत नाही.

खान्देशी ताटात प्रथिने पुरतात का?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. वजने उचलणाऱ्याची गरज यापेक्षा जास्त असते. ४९ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत स्नायूंना फायदा होतो आणि पुढे तो जवळजवळ थांबतो. साठ किलोच्या तरुणासाठी हा आकडा ९६ ग्रॅम होतो.

घरच्या ताटावर तो मांडून पाहू. दिवसाच्या चार भाकरी, प्रत्येकी ६० ते ७० ग्रॅम पिठाची धरली तर ज्वारी-बाजरीतून सुमारे २६ ग्रॅम प्रथिने मिळतात. ७५ ग्रॅम कच्ची डाळ, तूर असो की उडीद, १६ ग्रॅम. मूठ-दीड मूठ म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे, १२ ग्रॅम. अर्धा लिटर दूध, १६ ग्रॅम. ३० ग्रॅम सोयाबीन वड्या, १५ ग्रॅम. इथवर ८५ झाले. दोन अंडी खाल्ली की ९७. अंडी चालत नसतील तर तेवढ्यासाठी साठ-सत्तर ग्रॅम पनीर. कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद दळला जातो, ही जुन्या लोकांची मोठी हुशारी आहे. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते कडधान्य भरून काढते. जळगावचे केळे ऊर्जेसाठी, व्यायामाच्या आधी-नंतर उत्तम, पण त्यात प्रथिने ग्रॅमभरच असतात. ‘केळी-दूध घेतो’ म्हणणाऱ्याने प्रथिनांचा हिशेब दुधाच्या खात्यावर मांडावा.

अडचण बहुधा वाटणीची असते. वांग्याचे भरीत, शेवभाजी, ठेचा यांनी ताट चविष्ट होते, पण त्या ताटात डाळ पातळ आणि वाटीभरच असेल, तर आकडा ५०-५५ वर अडतो. वजन वाढवू पाहणाऱ्या सडपातळ मुलाने तर आधी एकूण खाणेच वाढवायला हवे. पोटात कमी गेले, तर सोयाबीनही जळणासारखे जळून जाते.

पावडर, क्रिएटिन आणि ती इंजेक्शने

व्हे प्रोटीन हे दुधापासूनच काढलेले असते. ताटात १.६ चा हिशेब बसत असेल तर त्याची गरज नाही, बसत नसेल तर ती सोय आहे, औषध नाही. २०२४ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत तर प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात असेच म्हटले आहे. क्रिएटिन मोनोहायड्रेटच्या बाजूने मात्र भक्कम पुरावा आहे. रोज तीन ते पाच ग्रॅमने जड सेटमध्ये एखाद-दुसरे आवर्तन जास्त निघते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ‘प्री-वर्कआउट’ म्हणून विकले जाणारे बहुतेक डबे म्हणजे महागडे कॅफिन. कटिंग चहा स्वस्त पडतो.

खरा धोका पुढच्या पायरीवर आहे. मेफेंटरमाइन सल्फेट हे औषध शस्त्रक्रियेदरम्यान रुग्णाचा खाली आलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरतात. ‘दम टिकतो’ म्हणून जिममध्ये आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांत त्याची इंजेक्शने चोरून विकली जातात. पुण्यासह राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी अशा बेकायदा विक्रीवर कारवाया केल्या आहेत. निरोगी तरुणाचा रक्तदाब आणि हृदयाचे ठोके हे औषध धोकादायक पातळीवर नेऊ शकते, आणि त्याची सवय लागते. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडचा मार्ग वेगळा, परिणाम तितकेच वाईट : शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बंद पडू लागते, शुक्राणू घटतात, छातीत गाठीसारखी वाढ होते, हृदयाचा स्नायू जाड होतो. यातले काही परिणाम औषध थांबवल्यावरही मागे राहतात. ‘डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते म्हणजे साधेच असेल’ हा तर्क इथे जीवघेणा ठरू शकतो.

मुलींनी वेगळे काय करायचे?

जवळजवळ काहीच नाही. मुलींच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन मुलांच्या कितीतरी पट कमी असते, त्यामुळे वजने उचलून ‘पुरुषी’ शरीर होण्याची भीती निराधार आहे. सुरुवातीच्या ताकदीच्या तुलनेत प्रगतीचा वेग मात्र मुलांइतकाच असतो. महिला भरतीत चार किलोचा गोळा आहे, आणि जिममध्ये मुलींना ट्रेडमिल आणि गुलाबी डंबेल यांपुढे कोणी जाऊ देत नाही, यात गोळ्याचे गुण जातात. वेळापत्रक तेच, हालचाली त्याच, फक्त हलक्या रॉडने सुरुवात. खरी अडचण बहुतेक गावांत जिमच्या वेळेची आहे. स्वतंत्र वेळ नसेल तर घरी गोणी, पाण्याचा कॅन आणि जोर यांवर ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही दिवस उभे करता येतात.

इजा कुठे होते?

बेंच प्रेसला एकट्याने जड वजन घेतले आणि रॉड छातीवर अडकला, हा सर्वांत टाळता येण्याजोगा अपघात. मागे मदतीला माणूस नसेल तर रॉडच्या टोकांच्या क्लिप लावू नयेत, म्हणजे रॉड एका बाजूला झुकवून प्लेटा पाडता येतात. किंवा सरळ डंबेल वापरावेत. डेडलिफ्टमध्ये पाठ गोल झाली की थांबायचे. शेतात खताची गोणी उचलताना कंबर धरते, त्याचेही कारण हेच. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी आणि वजन ढकलताना श्वास कोंडून धरू नये. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव जिल्ह्यात पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या शेडमधली जिम तेव्हा संध्याकाळी सहालाही भट्टी असते. त्या दिवसांत पहाटेची वेळ घ्यावी, सेट कमी करावेत, पाण्यात मीठ-लिंबू असावे.

भरतीची धाव आणि वजने एकत्र कशी बसवायची?

राज्य पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांसाठी १६०० मीटर धावण्याला २०, शंभर मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. गोळा ७.२६० किलोचा. साडेआठ मीटर किंवा त्यापुढे टाकला तर पूर्ण गुण. महिलांसाठी १६०० ऐवजी ८०० मीटर आहे. म्हणजे तीस टक्के गुण थेट गोळ्यावर, आणि शंभर मीटरही पायांच्या स्फोटक ताकदीवर. तरीही तयारी करणारी बहुतेक मुले आठवड्याचे सहाही दिवस लांब धावण्यात घालवतात.

धावणे आणि वजने एकमेकांच्या आड येतात का, हा प्रश्न अमेरिकन संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये दहा आठवड्यांच्या प्रयोगात तपासला. फक्त वजने उचलणाऱ्यांची ताकद वाढत राहिली. दोन्ही करणाऱ्यांची सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग थांबली आणि शेवटी थोडी घसरली. त्यांचा दमसास मात्र कमी झाला नाही. त्या प्रयोगात आठवड्याचे पाच-सहा दिवस दोन्ही व्यायाम कमालीच्या जोराने होत होते, हे ध्यानात घ्यायला हवे. नंतरच्या अभ्यासांनी चित्र सौम्य केले : प्रमाण आवाक्यात असेल तर स्नायूंच्या वाढीला फारशी बाधा येत नाही, स्फोटक ताकदीला थोडी येते.

याचा उपयोग असा. सोमवार, बुधवार, शुक्रवार वजने. मंगळवारी वेगाची धाव, म्हणजे चारशे मीटरचे चार-पाच टप्पे मध्ये विश्रांती घेऊन. गुरुवारी शंभर मीटरच्या उड्या आणि गोळा. शनिवारी लांब, सावकाश धाव. रविवारी पूर्ण सुट्टी. एकाच दिवशी दोन्ही करावे लागले तर मध्ये सहा तासांचे अंतर, आणि ज्याच्यात गुण कमी पडतात ते आधी. शंभर मीटरच्या आदल्या संध्याकाळी जड स्क्वाट ठेवू नयेत. गुरुवारचा विचार करून बुधवारच्या स्क्वाटचा एक सेट कमी केला तरी चालतो. गोळ्याच्या बाबतीत जिमवर सगळा भार टाकू नये. स्क्वाट आणि डोक्यावरच्या प्रेसने इंजिन मोठे होते, पण गोळा सुटतो तो पायापासून कमरेतून बोटांपर्यंत येणाऱ्या झटक्याने आणि सुटण्याच्या कोनाने. त्यासाठी प्रत्यक्ष ७.२६० किलोचाच गोळा आठवड्यातून दोनदा, वीस-पंचवीस वेळा टाकायला हवा. क्रिकेटच्या चेंडूसारखा हाताने फेकणाऱ्याचा खांदा जातो आणि अंतरही.

चाचणीची तारीख आली, की शेवटच्या दहा दिवसांत नवे काही सुरू करू नये. वजन रॉडवर तेवढेच ठेवून सेट निम्मे करावेत, म्हणजे ताकद टिकते आणि थकवा उतरतो. शेवटचा जड स्क्वाट चाचणीच्या चार-पाच दिवस आधी. त्यानंतर हलके धावणे, दोन-चार वेळा गोळा, आणि आदल्या रात्री प्रवासात जागरण होणार असेल तर त्याच्याही आधीच्या दोन रात्री पुरेशी झोप.